बंब उघडा होता, गिझर बंद आहे

तांब्याच्या बंबात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं. मधोमध नळकांडं, त्यात करवंट्या, सोडणं नाहीतर लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी, आणि वर नुसतं ठेवलेलं झाकण. पाणी तापलं की फुगायचं, फार तापलं की झाकण खडखडायचं आणि वाफ निघून जायची. दाब साठायला जागाच नव्हती.

गिझर दिसायला त्याच बंबाचा वारसदार, पण तो बंद आहे. गच्चीवरच्या टाकीचा सगळा दाब चोवीस तास त्याच्या अंगावर असतो. आत तेच पाणी फुगतं, पण बाहेर पडायला एक बोटभर लांबीचा व्हॉल्व्ह सोडून दुसरी वाट नसते. शिवाय विजेची तार आणि आंघोळीचं पाणी यांच्यामध्ये पाणी तापवणाऱ्या एलिमेंटचं पातळ आवरण, एवढाच काय तो पडदा. मुंबईत गिझर ज्या कारणांनी बाद होतात, म्हणजे जास्तीचा दाब, गायब अर्थिंग, टँकरचे क्षार आणि जळका सॉकेट, त्यातलं एकही कारण दुकानातल्या चर्चेत येत नाही. तिथे बोलणं होतं लिटर, तारे आणि रंगीत डिस्प्लेचं.

लिटरपासूनच सुरू करू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात.

मुंबईच्या नळाला हिवाळ्यातही पाणी साधारण २५ अंशांच्या आसपास येतं, आंघोळीला लागतं ४० अंशांचं. १५ लिटरच्या गिझरमध्ये ६० अंशांचं पाणी असेल तर त्यात गार पाणी मिसळून हिशेबाने ३५ लिटर कोमट पाणी होतं. प्रत्यक्षात गरम पाणी काढताना खालून गार आत शिरतं आणि थोडं मिसळतं, म्हणून २८ ते ३० लिटर धरा. मुंबईची बादली १५-१६ लिटरची. म्हणजे पाठोपाठ दोन बादल्या निघतात.

आता ‘घरात पाच माणसं, म्हणून २५ लिटरचा घ्या’ हा दुकानदाराचा सल्ला तपासून बघा. १६ लिटरची एक बादली २५ वरून ४० अंशांवर न्यायला ०.२८ युनिट वीज लागते. २ किलोवॅटचं एलिमेंट ती आठ-साडेआठ मिनिटांत भरून काढतं. एक जण आंघोळ करून बाहेर येऊन दुसरा आत जाईपर्यंत एवढा वेळ सहज जातो. म्हणजे बादलीने आंघोळ करणाऱ्या घरात माणसं पाच असोत की सात, १५ लिटरचा गिझर संपत नाही. दोन माणसांच्या घराला १० लिटरही पुरतो. २५ लिटर लागतो तो शॉवरवाल्यांना. साधा शॉवर मिनिटाला ८-१० लिटर पाणी ओततो, आणि दहा मिनिटं उभं राहिलं की १५ लिटरचा गिझर हात टेकतो.

हाच हिशेब ३ लिटरच्या इन्स्टंट गिझरला लावा. ३ किलोवॅटचं एलिमेंट पाणी १५ अंशांनी तापवायचं तर मिनिटाला पावणेतीन-तीन लिटरच देऊ शकतं. बादली भरायला साडेपाच मिनिटं. बादलीसाठी हे चालतं, स्वयंपाकघराच्या सिंकला तर उत्तम. पण त्याला शॉवर जोडला की पाणी जेमतेम ५ अंशांनी तापतं आणि मग ‘कंपनीच खराब’ अशी तक्रार होते. नळ बारीक ठेवायचा, एवढंच त्याचं म्हणणं असतं. बाथरूमचा मोठा गिझर आणि किचन यांच्यात पाइप लांब असेल तर किचनला वेगळा ३ लिटरचा गिझर लावणं शहाणपणाचं. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) पाइपच्या १० मीटर लांबीत अडीच लिटर पाणी मावतं. भांडी घासायला उभं राहिलं की तेवढं गार पाणी दरवेळी आधी वाया जातं. सोलर किंवा हीट पंपवर चालणाऱ्या मध्यवर्ती गरम पाण्याच्या इमारतींत खालच्या मजल्यांची ओरड असते ती याचीच. तिथे उपाय घरात नसतो, सोसायटीच्या रिटर्न लाइनमध्ये (पाइपातलं गार झालेलं पाणी परत तापायला नेणारी लाइन) आणि तिच्या पंपात असतो.

ताऱ्यांबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. साठवणीच्या गिझरवरचे बीईईचे, म्हणजे सरकारी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, तारे एकच गोष्ट सांगतात: तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर चोवीस तासांत किती उष्णता बाहेर झिरपते. तापवण्याची कार्यक्षमता सगळ्यांचीच जवळपास सारखी, कारण एलिमेंट पाण्यातच बुडालेलं असतं. दिवसभर चालू ठेवणार असाल तर पाच तारे घ्याच. सकाळी वीस मिनिटं लावून बंद करणाऱ्या घराला तीन आणि पाच ताऱ्यांमधला फरक बिलात शोधावा लागेल. तो जास्तीचा पैसा चांगल्या सेफ्टी व्हॉल्व्हवर आणि आरसीसीबीवर (वीज गळायला लागताच पुरवठा तोडणारा खटका) घाला. आयएसआयची खूण मात्र बघायचीच. साठवणीच्या गिझरचं मानक आयएस २०८२, इन्स्टंटचं वेगळं.

दाब

खोक्यावर बारीक अक्षरात ‘६.५ बार’ किंवा ‘८ बार’ लिहिलेलं असतं. बार हे दाबाचं माप, गिझर किती दाब सोसतो ते हा आकडा सांगतो. मुंबईत खरेदीचा निर्णय या आकड्यावर व्हायला हवा.

१० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. मजला ३ मीटरचा धरा. गच्चीची टाकी तुमच्या डोक्यावर वीस मजले असेल तर ६ बार दाब झाला, आणि ६.५ बारचा गिझर कायम काठावर उभा राहिला. त्यातच कोणी झटक्यात नळ बंद केला की पाइपमध्ये धक्का बसतो, तो वेगळा. उंच टॉवरमध्ये काही मजल्यांच्या गटाला एक दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. तो चिकटला तर त्या गटातल्या सगळ्यांचे गिझर एकाच महिन्यात गळायला लागतात. तेव्हा प्रत्येक घर आपापल्या कंपनीशी भांडत बसतं. चार घरांत एकदम गळती सुरू झाली तर आधी सोसायटीच्या ऑफिसात जा.

आणि गंमत म्हणजे या शहरात दाबाची तक्रार वरून आणि खालून एकाच वेळी असते. वरच्या दोन मजल्यांवर टाकी अगदी डोक्यावर, म्हणून दाब पाव-अर्धा बार. तिथे गिझरला धोका नाही, पण इन्स्टंट गिझरमधून धार येत नाही आणि गॅस गिझर तर पेटतच नाही, कारण त्याच्या आतला गॅस सुरू करणारा रबरी पडदा सरकायला पुरेसा दाब लागतो. अशा घराने सरळ साठवणीचा गिझर घ्यावा, किंवा सोसायटीने प्रेशर पंप बसवलाय का ते विचारून मग ठरवावं.

मोजणं सोपं आहे. हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या आट्याला बसणारा प्रेशर गेज मिळतो. वॉशिंग मशीनच्या नळाला लावा आणि रात्री उशिरा, इमारत झोपल्यावर वाचा. पाणी वापरात नसतं तेव्हा दाब सगळ्यात जास्त असतो. ५ बारच्या वर आकडा आला तर ८ बारचाच गिझर घ्या आणि घरात शिरणाऱ्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून तो ३ ते ४ बारवर लावा. नळ, हेल्थ फॉसेट आणि वॉशिंग मशीनचा पाइप यांचंही आयुष्य त्याने वाढतं.

पाणी कुठलं?

महापालिकेचं पाणी सात तलावांचं: भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, विहार आणि तुळशी. ते पावसाचं साठवलेलं पाणी आहे, म्हणून मऊ. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर लावला तर आकडा साधारण शंभरच्या आत येतो. अशा पाण्यात एलिमेंटवर चुना फारसा चढत नाही. निव्वळ पालिकेचं पाणी येणाऱ्या घराने ‘हार्ड वॉटर स्पेशल’ वगैरेसाठी पैसे मोजायची गरज नाही.

पण तुमच्या नळाला निव्वळ तेच पाणी येतं का? सोसायटीत बोअरवेल असेल, मे महिन्यात टँकर येत असतील, तर गोष्ट उलटते. पाचशेच्या वर टीडीएस असलेल्या पाण्यात एका हंगामात एलिमेंटवर पांढरा थर बसतो. किनाऱ्याजवळच्या बोअरमध्ये क्लोराइडही असतं. त्याने स्टेनलेस स्टीलच्या टाकीच्या वेल्डिंगवर सुईएवढी भोकं पडतात. तिथे काचेच्या मुलाम्याची टाकी आणि जाड मॅग्नेशियमचा अॅनोड घ्यावा.

हा अॅनोड म्हणजे गिझरच्या पोटातला बळीचा बकरा. लोखंडाआधी मॅग्नेशियम गंजतं, आणि ते शिल्लक आहे तोवर टाकी वाचते. पाण्यात क्षार जास्त तितकी रॉड लवकर संपते. पालिकेच्या पाण्यावर दर दोन वर्षांनी आणि बोअर किंवा टँकरवर दरवर्षी ती काढून बघावी. मूळ जाडीच्या निम्म्यावर आली किंवा मधली तार दिसायला लागली की बदलायची. नवी घ्यायला जाताना जुनी रॉड हातात घेऊन जा. लांबी आणि आटे कंपनीगणिक वेगळे असतात, मॉडेलचं नाव सांगून हमखास चुकीची मिळते. सर्व्हिसचा माणूस ‘साफ केलं’ म्हणून निघाला तर एकच विचारा: अॅनोड काढून दाखवलात का?

भिंत आणि व्हॉल्व्ह

१५ लिटरचा गिझर भरल्यावर २५ किलोच्या आसपास आणि २५ लिटरचा ४० किलोपर्यंत जातो. जुन्या इमारतीतल्या नऊ इंची विटांच्या भिंतीला अँकर बोल्ट पुरतो. नव्या बांधकामात आतल्या भिंती बऱ्याचदा चार इंची हलक्या सिमेंट ब्लॉकच्या असतात. त्यात साधा अँकर आवळला की ब्लॉकचा भुगा होतो, आणि काही महिन्यांनी गिझर पुढे झुकतो. तिथे आरपार बोल्ट घालून मागे पट्टी द्यायची किंवा केमिकल अँकर वापरायचा. पूर्ण काँक्रीटच्या भिंती असतील तर पकड उत्तम मिळते, पण त्यांच्या पोटात विजेचे पाइप ओतलेले असतात. बिल्डरच्या नकाशावर ते बघितल्याशिवाय ड्रिल लावू नये.

उभा गिझर आडवा लावता येत नाही. जागा कमी आहे म्हणून प्लंबर ‘चालतं हो’ म्हणतो, पण आडवा केल्यावर गरम पाणी घेणारी आतली नळी वरच्या टोकाला राहत नाही. वर हवा अडकते आणि एलिमेंटचा काही भाग कोरडा तापू शकतो. बाथरूमच्या माळ्यावर बसवायचा असेल तर आडवं मॉडेलच मागवा. उभ्या गिझरच्या खाली किमान ३० ते ४० सेमी मोकळी जागा सोडा, नाहीतर एलिमेंट आणि अॅनोड बाहेर ओढण्यासाठी पुढे सगळा गिझरच उतरवावा लागतो. फॉल्स सीलिंगच्या वर असेल तर दोन बाय दोन फुटांचं झाकण आणि खाली निचऱ्याची नळी असलेला ट्रे हवाच. नाहीतर गळतीची पहिली बातमी खालच्या मजल्यावरच्या काकू देतात.

पाइप सीपीव्हीसीचा. पांढरा यूपीव्हीसी गार पाण्यासाठी असतो, गरम लाइनला तो मऊ पडून सांध्यात सुटतो. गिझरजवळचे आट्याचे सांधे पितळी आट्याचे घ्या. प्लास्टिकचे आटे पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात तडकतात. स्टीलच्या जाळीचे कनेक्शन पाइप १८ किंवा २४ इंची मिळतात. ते ताणून किंवा पिळून लावू नका. नटच्या आत रबरी वॉशर असतो, तिथे टेफ्लॉन टेपचा काही उपयोग नाही. टेप लागते ती पितळी आट्यांवर, आठ-दहा वेढे.

गार पाण्याच्या, म्हणजे निळ्या तोंडाला पाणी बंद करायचा अँगल कॉक आणि त्यानंतर सेफ्टी व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हकडे तीन कामं आहेत: गरम पाणी उलटं लाइनमध्ये जाऊ न देणं, टाकी रिकामी होऊ न देणं, आणि दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की पाणी बाहेर सोडणं. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिली फुगतं. उलटं जायला वाट नसते, म्हणून तापताना व्हॉल्व्हच्या नळीतून पेलाभर पाणी ठिबकतं. तो बिघाड नाही, बंबाचं खडखडणारं झाकण ते हेच. ठिबकणं बंद करायला तिथे डमी, म्हणजे बूच, ठोकणारा प्लंबर भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. त्या नळीला पाइप जोडून तो उघड्या तोंडाने बाथरूमच्या जाळीपर्यंत न्यायचा, इतकंच.

गिझर बंद असताना, गार असतानाही सतत ठिबकत असेल तर मात्र एकतर लाइनचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीत कण अडकलाय. गच्चीची टाकी धुतल्यावर हे हमखास होतं, गाळ खाली येतो. वीज बंद करून व्हॉल्व्हचा दांडा चार-पाच वेळा उचलून सोडा, कण बहुधा धुऊन जातो. नाही गेला तर व्हॉल्व्ह बदला, तो दुरुस्त होत नाही. नवा व्हॉल्व्ह गिझरच्या बारशी जुळणारा हवा. ६.५ बारच्या टाकीला ८ बारचा लावला की टाकीची मर्यादा ओलांडली तरी व्हॉल्व्ह उघडत नाही. दांडा उचलून बघण्याचं काम तसंही दर तीन-चार महिन्यांनी करावं, हलवला नाही तर तो क्षारांनी चिकटतो.

वीज

२ किलोवॅटचा गिझर ८.७ अँपिअर ओढतो, ३ किलोवॅटचा १३. पहिल्याला २.५ चौ.मिमी आणि दुसऱ्याला ४ चौ.मिमी तांब्याची तार मीटरच्या बोर्डपासून स्वतंत्र ओढलेली हवी, दोन्हींना १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा खटका) चालतो. स्विच बाथरूमच्या बाहेर. सॉकेटपेक्षा डीपी स्विचमधून (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) थेट जोडणी माझ्या पसंतीची. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत सॉकेटच्या पट्ट्या काळ्या पडतात, पकड सैल होते, तिथे उष्णता साठते आणि प्लग टॉप वितळतो. प्लग काढल्यावर एक पिन जरी तपकिरी दिसली तरी प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, एकच बदलून उपयोग नाही. चाळीतल्या किंवा जुन्या वन रूम किचनच्या मीटरवर ३ किलोवॅटचा इन्स्टंट गिझर आणि दीड टनाचा एसी एकत्र लावण्याआधी बिलावर मंजूर भार किती लिहिलाय ते वाचा. बेस्ट, अदानी, टाटा, महावितरण, जो कोणी तुमचा पुरवठादार असेल त्याच्याकडे अर्ज करून भार वाढवून घेता येतो.

अर्थिंगचा घोळ जुन्या मुंबईत खास पद्धतीने होतो. कित्येक इमारतींत वायरमनने अर्थची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती, आणि पाइप जमिनीत जात होता तोवर ती काम करायची. मग सोसायटीने गंजलेले पाइप काढून प्लास्टिकचे टाकले. पाणी स्वच्छ आलं, सगळे खूश झाले, आणि घराघरातलं अर्थिंग त्याच दिवशी गेलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण अर्थिंग नसतानाही गिझर पाणी तापवतोच.

वायरमनकडून मल्टीमीटरने तीन आकडे घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० ते २४० व्होल्ट. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. दुसरा आकडा कमी किंवा डळमळीत आला तर अर्थिंग नाही असं समजा, आणि ते होईपर्यंत गिझर लावू नका. जोडीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच. एमसीबी तार वाचवतो, माणूस वाचवतो तो आरसीसीबी. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे.

गॅस गिझरवर जास्त लिहीत नाही, एक हिशेब देतो. मुंबईचं सर्वसाधारण बाथरूम ४ बाय ६ फूट आणि ८ फूट उंच, म्हणजे साडेपाच घनमीटर हवा. मिनिटाला ६ लिटरचा गॅस गिझर दहा मिनिटांत साधारण २ घनमीटर हवा खातो. दार लावलेलं, डक्टची खिडकी थंडी म्हणून बंद. ऑक्सिजन कमी झाला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही, तो नुसता बसल्या जागी शुद्ध हरपतो. म्हणून गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीच नाही. बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत, धुराडं बाहेर काढून, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. एलपीजीचा गिझर पाइप गॅसवर तसाच जोडता येत नाही. दोन्हींचे जेट आणि दाब वेगळे, आणि जादा जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यायची.

दसऱ्याला करायचं काम

मुंबईत गिझर एप्रिलपासून बऱ्याच घरांत बंद असतो आणि नरकचतुर्दशीला पहाटे पाच वाजता एकदम सगळ्यांना आठवतो. त्या आठवड्यात सर्व्हिसचा माणूस मिळत नाही. दसऱ्याच्या सुट्टीत तासाभराचं काम आहे.

डीपी स्विच बंद, आणि टेस्टरने खात्री. पाणी गार असलं पाहिजे. अँगल कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा, निळ्या बाजूचा कनेक्शन पाइप सोडून खाली बादली धरा. व्हॉल्व्हमुळे पाणी अडलेलं असतं, म्हणून दांडा उचला किंवा व्हॉल्व्हच सोडा. तपकिरी पाणी, थोडा गाळ येणं साहजिक आहे. खालचं झाकण काढून तारांचा आधी फोटो काढा, मग फ्लँजचे, म्हणजे एलिमेंट ज्या चकतीवर बसवलेलं असतं तिचे, नट सोडून एलिमेंट बाहेर ओढा. पांढरा थर असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून एलिमेंटची फक्त नळी तासभर बुडवा. तारा जोडायची टोकं कोरडी राहिली पाहिजेत. फरशी धुवायचं अॅसिड वापरू नका, ते तांब्याचं आवरणही खातं. सुरीने खरवडू नका. रबरी गॅस्केट दरवेळी नवी, जुनी एकदा दबली की पुन्हा तशी बसत नाही. नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा, एकाच बाजूने आवळलं की तिथेच गळतं.

परत जोडल्यावर घाई करायची नाही. अँगल कॉक उघडा, गरम नळ उघडाच ठेवा. फुसफुस हवा निघेल, मग तुटक धार, मग सलग. सलग धार एक मिनिट वाहिली, फ्लँजवर हात फिरवून कोरडं लागलं, की मगच स्विच. रिकाम्या टाकीत एलिमेंट चालू केलं तर काही मिनिटांत जळतं, आणि ते वॉरंटीत बसत नाही. सोसायटीच्या टाकीत पाणी नसलेल्या सकाळीही हेच लक्षात ठेवा. थर्मोस्टॅट ६० अंशांवर. ५० च्या खाली कायम ठेवलं तर साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि ६० च्या वर क्षार भरभर बसतात. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत भाजतं, तेव्हा लहान मुलांच्या बादलीत आधी गार, मग गरम.

बिघाड झाल्यावर लक्षणांवरून बरंच कळतं. दिवा लागतो पण पाणी गार: बहुधा थर्मल कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा खटका) उडालेला असतो. झाकणाआड छोटं बटण असतं, वीज बंद करून ते दाबा. महिन्यात पुन्हा उडालं तर थर्मोस्टॅट चिकटतोय, तो बदला. कटआउटला बगल देऊन तार थेट जोडणारा मेकॅनिक घरात नको. एलिमेंट तपासायचं तर तारा सोडून मल्टीमीटर लावा. २ किलोवॅटच्या एलिमेंटला २६ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. काहीच आलं नाही तर ते तुटलंय.

चालू करताच किंवा पाच-दहा मिनिटांनी आरसीसीबी पडत असेल तर बहुधा एलिमेंटच्या आवरणाला चीर आहे. गार असताना ठीक आणि तापल्यावर पडतो, हे त्याचंच लक्षण. ‘आरसीसीबी खराब आहे, काढून टाकू’ हे उत्तर इथे वरचेवर ऐकायला मिळतं. तो नेमकं आपलं काम करत असतो.

गरम पाणी पूर्वीइतकं टिकत नाही, एकाच बादलीत संपतं: गरम पाणी घेणारी आतली नळी तुटली असेल, तर वरच्या गरम पाण्याऐवजी खालचं गार पाणीच बाहेर येतं. किंवा मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतंय. हे ओळखायला गिझरचा अँगल कॉक बंद करून फक्त गरम नळ उघडा. धार काही सेकंदांत थांबली पाहिजे. वाहतच राहिली तर गार पाणी मिक्सरमधून येतंय आणि गिझर निर्दोष आहे. हँड शॉवरचं बटण बंद पण मिक्सर उघडा, अशा सवयीने हे होतं.

तापताना तडतड, खळखळ आवाज येतो तो एलिमेंटवरच्या थराचा. सडक्या अंड्याचा वास बहुधा टँकरच्या पाण्याने आणि महिनोन्महिने साचून राहण्याने येतो. टाकी पूर्ण रिकामी करून दोनदा भरा आणि ६० अंशांवर तासभर तापवा.

गळती असेल तर खालचं झाकण काढून कोरड्या कापडाने सगळं पुसा आणि टॉर्च लावून बघा. नटापाशी ओल असेल तर वॉशर, फ्लँजच्या कडेने असेल तर गॅस्केट. दोन्ही कोरडं असून बाहेरच्या पत्र्याच्या आतून, फोमला भिजवत गंजकं पाणी येत असेल तर टाकी गेली. तिला डाग देणारे भेटतात, पण त्या डागाच्या शेजारची टाकीही तितकीच पातळ झालेली असते. नवा घ्या. घेताना जुन्या ब्रॅकेटच्या दोन भोकांमधलं अंतर आणि निळ्या-लाल तोंडांमधलं अंतर टेपने मोजून घेऊन जा, म्हणजे नव्या टाइल्स फोडाव्या लागत नाहीत. कनेक्शन पाइप आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जुने लावू नका, प्लंबर कितीही ‘चांगले आहेत’ म्हणाला तरी. आणि जुना गिझर भंगारवाल्याला देण्याआधी तो तांब्याच्या टाकीचा नाही ना, एवढं बघा. असेल तर किलोचा भाव वेगळा असतो.